लेकरू आपल्या हातानं खायलंय, खाऊ द्यावं का?

रानजाई, परभणी

नमस्कार. लेक साडेसहा महिन्यांची झालीय. घरात तीन दिवसांपासून एकाच गोष्टीवरून वाद चाललाय, म्हणून इथं लिहायलेय.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध दिलं. मग उष्टावण झालं, मामानं सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवली, फोटो काढले. खरी परीक्षा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. मऊ भात, नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी, सगळं करून बघितलं. चमचा जवळ आला की ही ओठ घट्ट मिटते आणि मान भिंतीकडं फिरवते. मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला मांडीवर आडवी घेतात, दोन बोटांनी गाल दाबतात आणि घास सोडतात. अर्धा बाहेर येतो, कधी सगळंच ओकून टाकते. मला ते बघवत नाही.

रविवारी मी जेवत होते, ही मांडीवर. ताटात ज्वारीच्या भाकरीचा एक लांबट तुकडा वरणात भिजत पडला होता. तिनं तो मुठीत धरून उचलला. मुठीच्या वर बोटभर आला होता तेवढा तोंडात घातला आणि हिरड्यांनी दाबत चोखत बसली. वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. इतकी शांत आणि इतकी कामात गढलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मग जरा मोठा तुकडा सुटला असावा. जीभ बाहेर आली, डोळ्यांत पाणी आलं, ‘ऑक्’ असा आवाज झाला आणि तुकडा बाहेर पडला. आत्याबाईंनी ओरडून तिला ओढून घेतलं, पाठीत धपाटे घातले, तोंडात बोट घातलं. तेव्हा ती रडली. त्याआधी रडली नव्हती. खाली ठेवल्यावर परत ताटाकडंच हात.

पुण्याच्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, याला बेबी लेड वीनिंग म्हणतात, तिला हातानंच खाऊ दे. त्यांनी व्हिडिओ पाठवले. त्यात सगळी अव्होकाडो, ब्रोकोली आणि उंच खुर्च्या. आमच्याकडं खुर्ची नाही, आम्ही खाली बसून जेवतो. आत्याबाई म्हणतात, लेकराच्या घशात अडकलं म्हणजे कळेल. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. वजन ६ किलो ९०० आहे. हातानं खाऊ दिलं तर पोट भरेल का? आणि आपल्या स्वयंपाकातलं नेमकं काय द्यायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपा करून सविस्तर लिहा.

---

पळसफूल, लातूर

रानजाई, तुझं वाचून माझेच दिवस आठवले. माझा मुलगा आता दोन वर्षांचा आहे. त्यालाही चमचा नको होता. मी काय केलं ते लिहिते.

खुर्ची लागत नाही. मी भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसायचे, तो माझ्या दोन पायांमध्ये, पाठ माझ्या पोटाला टेकलेली. समोर उलटा पाट, त्यावर स्टीलची छोटी ताटली. ताटली तो पहिल्या मिनिटात भिरकावायचा, म्हणून पुढं घासलेल्या पाटावरच वाढायला लागले. खाली जुनं धुतलेलं लुगडं अंथरायचं. अंगात फक्त लंगोट आणि गळ्यात मोठं लाळेरं. जेवण झालं की लुगडं झटकून बादलीत.

या वयात लेकरं सगळ्या मुठीनं धरतात, चिमटीत उचलता येत नाही. म्हणून तुकडा आपल्या बोटाएवढा लांब आणि जाड लागतो, म्हणजे मुठीच्या बाहेर काहीतरी उरतं. बारीक तुकडे केले की ते मुठीत हरवतात आणि लेकरू चिडतं. मऊपणा बघायची माझी रीत अशी की अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबायचं, सहज चेंदामेंदा झाला तर द्यायचं. वाफवलेला लाल भोपळा, रताळं, दुधी, गाजर पूर्ण शिजवलेलं, अर्धी साल तशीच ठेवलेलं केळं (साल धरायला येते, घसरत नाही). मुगाच्या धिरड्याच्या पट्ट्या. इडलीचे लांब काप. भाकरी द्यायची तर वरणात पूर्ण भिजलेली, कोरडी टाळूला चिकटते.

आणि वरण मी फोडणी आणि मीठ घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढायचे. आमच्या घरात येसरआमटी असली की सगळ्यांना हवी, पण त्याची वाटी आधीच निघालेली असायची. त्यात अर्धा चमचा तूप. एक वर्ष मीठ-साखर घातली नाही.

---

गोदाकाठची आजी, गंगाखेड

बाळा, मी चौतीस वर्षं अंगणवाडी चालवली. लेकरं तराजूला लटकवून लटकवून माझे खांदे गेले. म्हणून जरा रागानं लिहायले, वाईट वाटून घेऊ नको.

लेकरू खेळतंय आणि लेकरू जेवतंय यात फरक असतो. भोपळ्याची फोड चोखली, अर्धी जमिनीवर, पाव लाळेऱ्यावर, पोटात किती गेली? तुम्ही म्हणता आनंदानं खायलंय. महिन्यानं वजन केलं की काटा हलत नाही. सहा महिने झाल्यावर नुसत्या दुधावर लेकरू राहिलं की ते वाळतं, हे मी पाहिलंय. सुखी घरातली लेकरंसुद्धा. आईला वाटतं, खातंय की. खात नसतं, चाखत असतं.

तुझ्या सासूबाई गाल दाबतात ते चूक. पण त्यांच्या पोटात काय तुटतंय ते मला कळतं. त्या जुन्या आहेत, त्यांनी लेकरं हातची गेलेली बघितलीत.

चमचा सोडू नको. एवढंच म्हणणं आहे.

---

मधुरा_जालना

मला एक विचारायचंय. आमच्याकडं उष्टावणाला मध चाटवतात, नंतरही रोज बोटभर मध देतात. ते चालतं ना?

---

मुलांचा डॉक्टर, नांदेड

मधुराताई, एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नको. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, रडणं बारीक होतं, चोखणं थांबतं. तान्ह्या बाळांचा बॉट्युलिझम म्हणतात त्याला. शिजवलेल्या पदार्थात घातलेला मधसुद्धा नको. आज घरी सांगा.

आता रानजाईंच्या प्रश्नाकडे. जरा लांबेल.

बाळानं स्वतःच्या हातानं खाणं ही नवी गोष्ट नाही. त्याला ते इंग्रजी नाव मिळालं आणि जगभर चर्चा झाली ती जिल रॅपली या ब्रिटिश आरोग्यसेविकेमुळे. नंतर अभ्यास झाले. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं २०६ कुटुंबांचा अभ्यास केला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. एका गटातल्या आईवडिलांना हातानं खाऊ घालण्याची रीत नीट शिकवली होती: लोह असलेले पदार्थ द्या, कसदार द्या, घशात अडकणारे टाळा. त्या गटातल्या बाळांना सहाव्या महिन्यात ‘ऑक्’ जास्त वेळा झालं, आठव्या महिन्यात उलट कमी झालं. घशात अडकण्याच्या प्रकारांत दोन गटांत फरक आढळला नाही. पण एक लक्षात घ्या, आईवडिलांना आधी शिकवलेलं होतं. न शिकता हातात काहीही देणं म्हणजे हा प्रयोग नव्हे.

तयारी कशी ओळखायची? बाळ थोड्या आधारानं ताठ बसतं, मान स्थिर आहे, वस्तू उचलून तोंडात नेतं, आणि तोंडात आलेलं जीभ आपोआप बाहेर ढकलत नाही. तुमच्या लेकीनं रविवारी यातलं सगळं करून दाखवलं. पूर्ण दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ, फार कमी वजनाचं बाळ, मान उशिरा धरलेलं बाळ यांच्या बाबतीत मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

आजींचं म्हणणं मी मनापासून मानतो. माझ्याकडे येणारी आठ-नऊ महिन्यांची फिक्कट बाळं बहुतेक वेळा वरणाच्या पाण्यावर आणि भाताच्या पेजेवर असतात. पाण्यात पाणीच असतं, डाळ खाली राहते आणि ती घरातले बाकीचे खातात. दुधाव्यतिरिक्त रोज साधारण २०० किलोकॅलरी ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. पोट तर मुठीएवढं. म्हणून घट्ट आणि तूप-तेल घातलेलं अन्न हवं. चमचा वाकडा केला तरी खाली पडणार नाही इतकं घट्ट.

दुसरी गोष्ट लोह. पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार कमी असतं. हातानं खाणाऱ्या बाळांचं इथंच चुकतं: केळं, भोपळा, रताळं, काकडी. दिसायला सुंदर, लोह जवळपास नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात रोज अंडं, मांस किंवा मासे द्यायला सांगितलंय. जे खात नाहीत त्यांनी डाळी-कडधान्यं वारंवार द्यावीत. अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या हातात धरायला उत्तम. मसूर, मटकी, हुलगे शिजवून घोटून धिरड्यात, टिक्कीत. बरोबर आंबट फळ किंवा लिंबाचे थेंब, म्हणजे लोह शोषलं जातं. चहा बाळाला देऊच नका.

माझा सल्ला: दोन्ही करा. ताटात बोटाएवढे मऊ तुकडे आणि वाटीत घट्ट घोटलेलं. वाटीतला चमचा भरून तिच्या हातात द्या. तिला तोंडात नेऊ द्या. बहुतेक बाळांचं भांडण चमच्याशी नसतं. चमचा दुसऱ्याच्या हातात असतो, त्याच्याशी असतं.

वजनाबद्दल: ६ किलो ९०० घाबरण्यासारखं नाही. मुलींचं सरासरी वजन सहाव्या महिन्यात ७.३ किलो, नवव्यात ८.२. आकड्यापेक्षा माता-बाल संरक्षण कार्डावरची तिची स्वतःची रेघ वर चाललीय का ते बघा.

---

रानजाई, परभणी

डॉक्टर, खूप आभार. तुमचं उत्तर मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. मधाचं ऐकून त्या गप्प झाल्या, कारण उष्टावणाला आम्हीही चाटवला होता. आता बंद.

त्यांचा एकच प्रश्न आहे, मीच विचारते. ऑक् होणं आणि अडकणं यातला फरक त्या क्षणी ओळखायचा कसा? तेव्हा कुणाचं डोकं जागेवर असतं?

---

वाळवंट, बीड

हा प्रश्न आला म्हणून लिहितो. मी दोन वर्षांत हे कुणाजवळ बोललो नाही.

संक्रांतीनंतर आमच्या मुलाचं बोरन्हाण केलं. अकरा महिन्यांचा होता. हलव्याचे दागिने घातलेले, सतरंजीवर बसवलेला, गल्लीतली वीसेक पोरं गोळा झालेली. डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, रेवड्या, हरभरे, शेंगदाणे ओतले आणि पोरं तुटून पडली. सगळे हसत होते. मी मोबाइलवर शूट करत होतो. व्हिडिओत दिसतं, तो हरभऱ्याचा दाणा चिमटीत उचलतो आणि तोंडात टाकतो. मी शूट करतच होतो.

काही आवाज झाला नाही. हे मला सगळ्यांना सांगायचंय. खोकला नाही, रडणं नाही. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाजच नाही. ओठ काळसर व्हायला लागले. आधी माझ्या आईला कळलं, ती ओरडली. कुणी पाणी पाजायला निघालं, कुणी म्हणालं पाय धरून उलटा करा. शेजारच्या घरात एक नर्सबाई होत्या, त्या धावत आल्या. हातावर पालथा घेतला, डोकं खाली, आणि पाठीवर नेमके मारले. चौथ्या का पाचव्या वेळी दाणा सतरंजीवर पडला. मग तो रडला. ते रडणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

धाकटीचं बोरन्हाण यंदा केलं. कुरमुऱ्यांऐवजी मोठे बत्तासे आणि फुलांच्या पाकळ्या, तेसुद्धा ती आईच्या मांडीवर असताना. पोरांना खाऊच्या पिशव्या हातात दिल्या.

---

मुलांचा डॉक्टर, नांदेड

वाळवंट, हे लिहायला मोठं मन लागतं. तुमच्या लिहिण्यानं कुणाचं तरी लेकरू वाचेल.

फरक तुम्हीच सांगितलात. ऑक् होताना आवाज असतो: खोकला, उमाळा, चेहरा लाल, जीभ बाहेर. बाळाचा हा प्रतिक्षेप जिभेवर मोठ्यांपेक्षा बराच पुढे असतो. म्हणजे घास घशापासून लांब असतानाच शरीर तो परत फेकतं. ती राखण आहे. त्या वेळी हात मागे ठेवा, चेहरा शांत ठेवा, तिला खोकू द्या. तोंडात बोट घालू नका, बाहेर येणारा तुकडा बोटानं आत जातो.

अडकणं शांत असतं. आवाज नाही, खोकला नाही किंवा अगदी क्षीण, ओठ निळसर. तेव्हा एक वर्षाखालच्या बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, हनुवटीला आधार द्या, डोकं छातीपेक्षा खाली. तळहाताच्या टाचेनं दोन खांद्यांच्या मध्ये ५ फटके. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, ५ वेळा दाबा. परत ५ फटके. तुकडा निघेपर्यंत हेच आलटून पालटून. पोट दाबायचं नाही, पाणी पाजायचं नाही, पाय धरून लटकवायचं नाही. त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करायचा. तुकडा दिसत असेल तरच बोटानं काढायचा. बाळ बेशुद्ध झालं तर लगेच छाती दाबून श्वास द्यायला सुरुवात करायची. हे वाचून येत नाही. जवळच्या रुग्णालयात बाहुलीवर करून बघा, घरातल्या प्रत्येकानं.

आणि ज्यांना मूल आहे त्या घरात हे वर ठेवा: शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षं (लांबीत चार भाग करून द्या), कच्चं गाजर, कच्च्या सफरचंदाच्या फोडी, बोरं, सुपारी, कडक गोळ्या. सीताफळ देताना प्रत्येक बी काढलेली हवी. शेंगदाण्याचा बारीक कूट वरणात कालवून मात्र द्यावा, तो लवकर सुरू केलेला चांगला. ज्यांच्या बाळाला खूप इसब आहे किंवा अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनी आधी विचारा.

खाताना बाळ ताठ बसलेलं हवं. झोळीत नाही, आडवं नाही, गाडीवर पुढं बसवून बिस्किट हातात तर कधीच नाही. आणि मोठं माणूस समोर. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता लक्ष ठेवतो म्हणणं म्हणजे लक्ष ठेवणं नाही.

---

आशाताई, हिंगोली जिल्हा

मी गावात आशा आहे. घरभेटीला बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात जाते. सहाव्या महिन्यापासून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. एका मिलीत २० मिलीग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. बाटली मोफत आहे. बऱ्याच घरात ती कपाटात तशीच असते, कारण शी काळी होते म्हणून आई घाबरते. काळी होऊ द्या, ते लोहामुळं. ताप असला, लेकरू आजारी असलं तर मात्र आधी विचारा.

अजून एक. आमच्याकडं उन्हाळ्यात बोअरचं पाणी आणि टँकरचं पाणी एकत्र होतं. हातानं खाणाऱ्या लेकराचे हातच चमचा असतात. साबणानं हात धुवा, त्याचे आणि तुमचे, नखं काढा. सकाळचं मऊसर संध्याकाळी देऊ नका, एप्रिल-मेमध्ये दोन तासात आंबतं. पाणी उकळून गार केलेलं, पेल्यातून. बाटली नको.

---

काळी माती, परभणी

मी मुलांचा जाणकार नाही, शेतीत काम करतो. भाकरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. बियाणं मिळालं तर घरापुरतं पेरा. ज्वारीत लोह बांधून ठेवणारी द्रव्यंही असतात, ज्वारीला मोड आणून, वाळवून दळली की ती कमी होतात. वाळवायच्या आधी कोंब आणि मुळ्या चोळून काढून टाकायच्या, ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विष असतं. आमची आई नातवाला असंच मोडाच्या ज्वारीचं पीठ करायची, कुणी न शिकवता. वर मोसंबीचा रस लावायची. जालन्याची मोसंबी आणि परभणीची ज्वारी, याहून काय हवं.

---

पळसफूल, लातूर

मोसंबीची फोड देताना वरचं पातळ कातडं सोलून, बी काढून द्या. आमच्याकडं एकदा तेच अडकून ऑक् झालं होतं.

शेवग्याची शेंग कुणी द्यायचा विचार करत असेल तर गर खरवडून द्या. चोथ्याचे धागे लेकराला सांभाळत नाहीत.

---

गोदाकाठची आजी, गंगाखेड

डॉक्टरसाहेबांचं वाचलं. वाळवंटचं वाचून रडले.

एक गोष्ट रात्रभर डोक्यात घोळत राहिली. माझी आई रानात जायची. मी आणि भाऊ बांधावर, बाभळीखाली. आई खुरपत असली तर आम्हाला कोण भरवणार? भाकरी ताकात भिजवून वाडग्यात समोर ठेवायची आणि तासात चार वेळा येऊन बघायची. आम्ही हातानंच खाल्लं. भाऊ तर वाडग्यात तोंड घालायचा. पुढं अंगणवाडीत आले, प्रशिक्षणं झाली, वाटी-चमचा हातात आला आणि मी ते विसरूनच गेले. भरवणं म्हणजेच काळजी, असं मनात बसलं.

पण रानातल्या किती लेकरांची हाडं वर आली होती तेही मी पाहिलंय, म्हणून माझा हेका अजून सुटत नाही. रानजाई, दर पंधरवड्याला वजन कर. अंगणवाडीतून शिधा मिळतो तो घे, सोडू नको. आणि हे करून बघ: मूठभर ज्वारीच्या कण्या, अर्धी मूठ मुगाची डाळ, दोन्ही कोरडं भाजायचं. तिप्पट पाण्यात कुकरला पाच शिट्ट्या. तांदूळजा किंवा पालक बारीक चिरून त्यातच. तूप. गार झालं की वड्या पडतील इतकं घट्ट होतं. हातात धरता येतं आणि पोटातही जातं. तुझंही झालं, माझंही झालं.

---

मधुरा_जालना

आजी, कण्या करून बघितल्या. बाळानं दोन वड्या खाल्ल्या. तिसरी केसांना लावली. मध बंद केलाय.

---

रानजाई, परभणी (सात आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय, पण सगळं नीट सांगायचं होतं.

पहिले दहा दिवस पोटात फारसं काही गेलं नाही. दूध पहिल्यासारखंच चालू ठेवलं. मला दोनदा वाटलं, सोडून द्यावं. आत्याबाई रोज जमिनीवर सांडलेलं गोळा करून वाटीत टाकायच्या आणि मला दाखवायच्या, बघ किती गेलंय आणि किती राहिलंय. अकराव्या दिवशी मी घट्ट कण्यांनी भरलेला चमचा तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा धरला, दांडी तोंडात घातली, मग हातातच फिरवला आणि घास बरोबर आत गेला. डॉक्टर, तुम्ही लिहिलं होतं ते तसंच झालं. तेव्हापासून दोन चमचे ठेवते. एक तिच्या हातात, एक भरून तयार. गेल्या आठवड्यापासून ती माझ्या हातचा घासही घेते, तोंड उघडून, स्वतःहून.

ऑक् पहिल्या दोन आठवड्यांत रोज व्हायचं. आता आठवड्यातून एखादं. आत्याबाईंना मी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरकडं घेऊन गेले. त्यांनी बाहुलीवर पाठीचे फटके शिकवले. आत्याबाईंनी तीन वेळा करून बघितलं आणि परतताना रिक्षात म्हणाल्या, आता मी एकटीसुद्धा तिला घेऊन बसू शकते. भीती होती ती मला वाटत होती त्याहून मोठी होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांची पहिली मुलगी दीड वर्षाची असताना चिंचोक्यानं गेली होती. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

वजन परवा ७ किलो ४००. कार्डावरची रेघ वर आहे. लोहाचं सिरप मंगळवारी आणि शुक्रवारी. अंडं आमच्या घरात शिजत नव्हतं, पण सासऱ्यांनी परसात चूल मांडायला परवानगी दिली. अंड्याची पोळी तिला सगळ्यात जास्त आवडते.

काल पहिला केशर आंबा कापला. आत्याबाईंनी कोयीवरचा सुटा गर खरवडून काढला, धागे नीट तपासले, आणि ती कोय तिच्या दोन्ही हातांत दिली. ‘धर माय,’ म्हणाल्या. ती पाऊण तास बसली होती. आत्याबाई समोर, मांडी घालून, एकदाही उठल्या नाहीत.

एक विचारायचं राहिलं. दोन दिवसांपासून ती जमिनीवर सांडलेला भाताचा एकेक दाणा अंगठा आणि बोटात धरून उचलायलीय. म्हणजे आता बारीक तुकडे द्यायला सुरुवात करू का? आणि घरात बाकी काय काय वर ठेवावं लागेल? फुटाण्याचा डबा मी आजच वरच्या फळीवर ठेवलाय.

---

मुलांचा डॉक्टर, नांदेड

करा. हरभऱ्याच्या दाण्याएवढे मऊ तुकडे, शिजवलेली मटकी जरा दाबून, भाकरीचा भिजलेला चुरा, पिकलेल्या आंब्याचे बारीक काप. लांब तुकडेही चालू ठेवा. आता दिवसातून तीन जेवणं, प्रत्येक वेळी अर्धी वाटी गाठायचा प्रयत्न. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस आहे, तेव्हा वजनही करून घ्या.

वर ठेवायचं: बटणाच्या आकाराचे सेल, नाणी, औषधाच्या गोळ्या, सुपारीचा डबा, देवघरातली फुलवात आणि तांदळाखालची हळकुंडं. जमिनीवर पालथं पडून एकदा तिच्या उंचीवरून खोली बघा. चिंचोके तर तुम्ही काढलेच असतील.

---

रानजाई, परभणी

काढले. आत्याबाईंनी स्वतः.